फीबीच्या नावाची कुपी

हर्ले बेट, मेन
६ ऑक्टोबर १९९८

कोरिना,

एल्डननं पाय धरले होते, मी खांदे, आणि डॉट सुई हातात घेऊन शीर शोधत होती. फीबी रडत नव्हती. दातावर दात रोवून छताकडे बघत होती. मग एकदम म्हणाली, "बाबा, तुझ्या हातांना हेरिंग माशांचा वास येतोय." एल्डनला हसू आलं, पकड सैल झाली आणि तिची लाथ थेट डॉटच्या चष्म्यावर. चष्मा वाचला. शीर हुकली. दुसऱ्या हाताला नव्यानं टोचावं लागलं.

तुला आधी कारण सांगायला हवं होतं. सप्टेंबरच्या मध्यापासून फीबीचा डावा गुडघा सुजलाय. पडली नाही, आपटली नाही. सकाळी उठली तर जीन्स गुडघ्यावरून चढेना. एवढी सूज, पण दुखत फारसं नाही. लंगडत धक्क्यावर जाते आणि पोरांशी भांडून परत येते. मी बर्फ लावून पाहिला. बेटांवर औषधपाणी करत फिरणारी मिशनची बोट लागली तेव्हा डॉटला दाखवलं. ती बोटीवरची नर्स, दोन-तीन आठवड्यांनी येते. तिनं दोन्ही हातांनी गुडघा दाबला आणि विचारलं, "उन्हाळ्यात गोचीड चिकटली होती का हिला?"

काय सांगणार? हरणं वाढल्यापासून इथे जेवणाआधी पोरांना उघडं करून तपासणं हे हात धुण्यासारखं झालंय. जूनमधल्या गोचिडी खसखशीएवढ्या असतात. दिसल्या त्या काढल्या. न दिसलेल्यांचं मी काय सांगू?

डॉटच्या मते लाइम असावा, गोचिडीच्या चाव्यातून होतो तो रोग. रक्त काउंटीच्या इस्पितळात जाईल. मिशनमार्फत गेलं की खर्च थोडका येतो. पण तू तर या रोगाच्या माहेरीच राहतेस, त्याचं नावच तुमच्या तिकडच्या गावाचं, आणि तुझ्या वेंडेलच्या लाइमचं सगळं तूच केलंस. पोरांसाठी खात्रीची तपासणी कोणती, आणि आम्हाला झेपेल अशी, ते कळव. फोन करू नकोस. फोन क्लाइडच्या दुकानात आहे, आणि तिथे लोक कॉफी प्यायला कमी आणि फोन ऐकायला जास्त बसतात.

थर्झा

*

कनेटिकट
१३ ऑक्टोबर

थर्झा,

इस्पितळाच्या तपासणीवर विसंबू नकोस. केली असशील तर केली, पण तिचं ऐकू नकोस.

वेंडेलची ती दोनदा केली. दोन्ही वेळा 'काही नाही'. रसेल आम्हा दोघांना सोडून गेला तो वसंत ऋतू. पोराचं रोज सकाळी डोकं दुखायचं, अंथरुणातून उठवायचं नाही, शाळेच्या बसपर्यंत चालताना पाय गळायचे. आणि मुलांचा डॉक्टर मला विचारतो, "घरात काही ताण आहे का?" मी म्हटलं, ताण मला आहे, डोकं त्याचं दुखतंय. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या पोराला बोलावलं.

मग एका आईनं मला पश्चिमेकडच्या एका खासगी प्रयोगशाळेचं नाव दिलं. त्यांनी पहिल्याच वेळी शोधून काढलं. बाकीचे ज्या खुणा सोडून देतात त्या ते मोजतात. महाग आहे, आणि विमा त्यातलं काहीच देत नाही. पण माझ्या पोराला काय झालंय हे मला वर्षभरानं पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं. त्या दिवशी मी गाडीत बसून रडले. बरं वाटून.

मी तुझ्यासाठी त्यांचा रक्त पाठवायचा डबा पाठवलाय. पैसे भरून झालेत, त्यावर वाद नको. एल्डनला सांग, तो फीबीच्या वाढदिवसाचा आहे. आत एक कुपी आहे, तिच्यावर फीबीचं नाव छापलेलं असेल. सोमवार ते बुधवारच पाठवायची, नाहीतर शनिवारी कुठेतरी पडून राहते.

वेंडेल ठीक आहे. उपचार चालू आहेत. अभ्यास मी घरीच घेते.

कोरिना

*

हर्ले बेट
२९ ऑक्टोबर

कोरिना,

डबा मिळाला. एल्डन आधी गुरगुरला, मग म्हणाला, "तुझ्या बहिणीनं आजवर पाठवलेल्या भेटींपैकी ही पहिली, जिचं टोक टोचतं." तू पाठवलेला ख्रिसमसचा स्वेटर तो विसरलेला दिसतोय.

पहिलं रक्त वाया गेलं. कसं ते ऐक. डॉटनं कुपी आमच्याकडे दिली, कारण मिशनची बोट पुढे बाहेरच्या बेटांकडे जाणार होती आणि आमची टपालाची बोट दुसऱ्या दिवशी यायची होती. जाताना म्हणाली, "थंड ठेव." मग धुकं आलं आणि बसलं. टपालाची बोट काही येईना. इकडे एल्डननं कुपी नेऊन शेवंडांच्या आमिषाच्या फ्रीजरमध्ये ठेवली होती, हेरिंगच्या दोन पेट्यांच्या मधे. तुला आपलं बेट माहीत आहे. जे जपायचं ते आमिषाच्या फ्रीजरमध्ये. त्याच्या आईच्या लग्नाच्या केकचा तुकडा तिथे होता, गेल्या हिवाळ्यातलं हरीण तिथे होतं, आणि पुरायला जमीन मऊ होईपर्यंत क्लाइडचं मेलेलं मांजरही तिथेच होतं. इस्पितळानं कळवलं, रक्त गोठून फुटलंय, तपासता येत नाही.

डॉट आली ती थेट एल्डनसमोर उभी राहिली. "मी थंड म्हटलं होतं. गोठव म्हटलं नव्हतं."

"थंडीला हद्द असते हे आधी सांगायचं."

"तुझ्या शेवंडांना कळतं ते तुला कळत नाही."

मंगळवारी तिनं नव्यानं रक्त काढलं. फीबी पलंगाखाली शिरली होती. नशिबानं मिस ऑर्टेगा घरी आलेली, नवी शाळामास्तरीण. तिनं समजूत घातली. दोन्ही कुप्या त्याच दुपारी टपालाच्या बोटीनं गेल्या. एक काउंटीला, एक तुझ्या लोकांना.

मी डॉटला तुझं पत्र दाखवलं. रागावू नकोस. ती म्हणाली, गोचीड चावल्यावर लगेच रक्त काढलं तर कुठल्याच तपासणीत काही दिसत नाही. अंग लढायला लागून रक्तात खुणा उमटायला काही आठवडे जातात. त्या दिवसांत लाल चट्टा दिसला तर डॉक्टर तो पाहूनच औषध देतात, तपासणीची वाट बघत नाहीत. पण रोगाला गुडघा धरायला महिने लागतात. एवढ्या उशिरा खुणा नसतील तर गुडघ्याचं कारण दुसरं काही. इस्पितळात आधी एक साधी तपासणी करतात, आणि तिच्यात काही सापडलं तरच दुसरी, जास्त बारीक. दोन्हींत सापडलं तर हो. मी विचारलं, "मग कोरिनाची ती महागडी कशाला?" ती म्हणाली, "ते मला त्यांनाच विचारायचंय."

वेंडेलला कसले उपचार चालू आहेत? तू कधी नीट लिहिलं नाहीस.

थर्झा

*

कनेटिकट
७ नोव्हेंबर

थर्झा,

पाठवलंस ते बरं केलंस. तुझा हट्ट बघता मला खात्री नव्हती.

डॉट चांगली बाई असेल. आपल्या आईच्या दम्यालाही सगळ्या चांगल्या बायका सर्दीच म्हणत होत्या.

वेंडेलचं विचारलंस. औषध शिरेतून जातं. दंडात एक बारीक नळी बसवली आहे, ती आतून छातीपर्यंत जाते. रोज सकाळी मीच औषध सोडते, आता हात बसलाय. ऑगस्टमध्ये वर्ष झालं. मध्यंतरी नळीपाशी लाल झालं आणि ताप भरला, दोन रात्री इस्पितळात काढल्या. नळी बदलली. इथले डॉक्टर म्हणतात काढून टाका, रक्तात जंतू जातील. त्यांना काय जातंय म्हणायला. प्रयोगशाळेनं ज्या डॉक्टरांचं नाव दिलं ते म्हणतात, दर तपासणीत अजून 'हो' येतंय, तोवर थांबायचं नाही. दर तीन महिन्यांनी रक्त पाठवते. दर वेळी 'हो' येतं.

तुला हे आधी लिहिलं नाही, कारण तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे.

फीबीचं आलं की लगेच कळव. दुकानातून फोन केलास तरी चालेल. ऐकू दे क्लाइडला.

कोरिना

*

हर्ले बेट
२३ नोव्हेंबर

कोरिना,

हे पत्र लिहून फाडलं, आणि आता परत लिहितेय.

आधी फीबीचं. इस्पितळाचं उत्तर आलं. दोन्ही तपासण्यांत हो, ठळक. तिला लाइमच आहे. तिथल्या डॉक्टरनं चार आठवड्यांचं औषध दिलं, गुलाबी आणि खडूच्या चवीचं. बाटलीवर 'थंड जागी ठेवा' लिहिलंय. एल्डननं डॉटला विचारलं, "किती थंड? कागदावर दे." सूज उतरायला लागली आहे. काल ती जिना एका दमात चढली आणि वरून ओरडून सांगितलं की चढली.

आता दुसरं. तुझ्या डब्याचंही उत्तर आलं. त्यांचंही हो. पण त्या कुपीतलं रक्त फीबीचं नव्हतं.

त्या मंगळवारी काय झालं ते सगळं मी लिहिलं नव्हतं. फीबी पलंगाखालून बाहेर येईना. मिस ऑर्टेगा वह्या द्यायला आली होती. तिनं बाही वर केली आणि पलंगाखाली वाकून म्हणाली, "हे बघ, आधी मला टोचू दे. मी ओरडले तर तू पळ." डॉटनं हाताला लागली ती कुपी घेतली, तुझ्या डब्यातली. मिस ऑर्टेगा ओरडली नाही. मग फीबी बाहेर आली आणि तिनं हात पुढे केला, पण एकदाच. ते इस्पितळाच्या कुपीत गेलं. दुसऱ्यांदा हात ती कुणाच्या बापाला देणार नव्हती, बाप समोर उभा असूनही.

उरली तुझी कुपी. भरलेली, वर फीबीचं छापील नाव. डॉट ती टाकून देणार होती. मी म्हटलं थांब. पैसे भरलेली वस्तू मी आजवर समुद्रात फेकलेली नाही. आणि डबा रिकामा गेला असता तर तुला कळलं असतं. मी ती डब्यात घातली. डॉट म्हणाली, "थर्झा, हे बरोबर नाही." मी म्हटलं, "उत्तर नाही म्हणून येईल, मग मी कोरिनाला खरं सांगेन, आणि तिचं तोंड बंद होईल." असं म्हटलं मी. तुला माझा स्वभाव माहीत आहे.

उत्तर हो म्हणून आलं.

मिस ऑर्टेगा ऑगस्टच्या शेवटी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातून इथे आली. त्याआधी तिनं गोचीड पाहिलेली नव्हती. रोज सकाळी शाळेआधी बेटाला फेरी मारते, आणि तिच्या तब्येतीची तक्रार एकच, की इथे बरी मिरची मिळत नाही. तिला सांगावं लागलं. ती घाबरली, झोपेना. डॉटनं तिचं रक्त काउंटीला पाठवलं. पहिल्याच तपासणीत कोरं. अगदी नुकतीच चावली असेल तर दिसणार नाही म्हणून दोनेक आठवड्यांनी पुन्हा काढणार आहे.

तुझ्या लोकांच्या उत्तराबरोबर एक पत्रही होतं. अशा मुलांना बहुधा शिरेतून लांब मुदतीचं औषध लागतं, म्हणून. खाली एका डॉक्टरचं नाव होतं. मी डॉटला तुझं पत्र काढून दाखवलं. वेंडेलचा डॉक्टर तोच का ते मला कळत नाही, कारण तू नाव लिहिलं नव्हतंस. नाव सोबतच्या कागदावर उतरवलंय, बघ.

वेंडेल आजारी नाही असं मी म्हणत नाही. ते मला इथे बसून कळणार नाही. त्या कागदालाही ते कळत नाही, एवढंच म्हणते. त्याला अशा कुणाला दाखव जो त्या प्रयोगशाळेचा नाही. लवकर दाखव. ती नळी त्याच्या छातीपर्यंत जाते हे वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही.

थर्झा

*

कनेटिकट
३० नोव्हेंबर

थर्झा,

हो, तोच डॉक्टर.

तू प्रयोगशाळेची परीक्षा घेतली नाहीस. माझी घेतलीस. माझ्या पैशानं, माझ्या नावावर. तुम्ही सगळे स्वयंपाकघरात बसून माझ्या डब्यात परक्या बाईचं रक्त भरत होतात, आणि मी इथे रोज टपाल बघत होते.

तुझ्या पोरीला खरा आजार निघाला, खरं औषध मिळालं, चार आठवड्यांत ती बरी होणार. तुझं सगळं सरळ असतं. नवरा घरी, पोर जिन्यावर. तुला काय माहीत, सगळ्यांनी 'काही नाही' म्हटल्यावर पोराला घेऊन घरी येणं काय असतं.

चूक कुपीची झाली असेल. तिथे कुणीतरी दुसरी उचलली असेल. एका बाईच्या एका कुपीवरून माझ्या पोराचं औषध बंद करू म्हणतेस?

इतक्यात लिहू नकोस.

कोरिना

*

हर्ले बेट
८ डिसेंबर

कोरिना,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितेय. थोडंच.

परीक्षा मी तुझीच घेतली. ते खरं आहे.

मिस ऑर्टेगाचं दुसरं रक्तही कोरं आलं. कुपी बदलली असेल असं तू म्हणतेस. असेलही. मग वेंडेलची बदलली नसेल कशावरून?

मी एका गोष्टीचा सारखा विचार करते. डॉट इथे नसती, मिस ऑर्टेगानं बाही वर केली नसती, तर तुझ्या डब्यातून फीबीचंच रक्त गेलं असतं. उत्तर हो म्हणूनच आलं असतं. मी ते मानलं असतं, तुझे पाय धरले असते, आणि पुढे त्या डॉक्टरनं सांगितलं ते सगळं केलं असतं. फीबीच्या दंडात आज नळी असती. मी तुझ्यापेक्षा शहाणी नाही. माझ्या घरी त्या दिवशी माणसं होती, एवढंच.

एल्डन म्हणतो, पोराला घेऊन ये. टपालाची बोट मंगळवारी आणि शुक्रवारी असते. तो स्वतः मुख्य भूमीवर येऊन तुम्हाला बोटीवर घेईल, हात धुऊन.

थर्झा

*

कनेटिकट
१७ डिसेंबर, गुरुवार

थर्झा,

तुझं पत्र आलं तेव्हा वेंडेलला परत ताप होता. नळीपाशी नाही, नुसताच ताप, आणि थंडी वाजून थरथर. मी त्या डॉक्टरला फोन केला. त्याच्या मदतनीस बाईनं सांगितलं, औषध काम करतंय, जंतू मरताना असं होतं. हे ती मला आधीही म्हणाली होती, तेव्हा मी मानलं होतं. या वेळी मी फोन ठेवला आणि त्याला मुलांच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. गाडी चालवायला तास लागतो. तो मागच्या सीटवर दात वाजवत होता.

नळीतून जंतू रक्तात गेलेत. वेळेत आलात, म्हणाले. यापलीकडे मी विचारलं नाही. इथे येऊन आठवडा झाला.

एक म्हातारे डॉक्टर आहेत. खुर्ची ओढून वेंडेलजवळ बसले आणि त्यालाच विचारलं, "तुला काय काय होतं?" मी सांगायला लागले. ते म्हणाले, "तुम्ही थांबा हं जरा." वेंडेल माझ्याकडे बघत राहिला. अकरा वर्षांचा झाला तो, मला आत्ता लक्षात आलं की त्याचा आवाज मी बऱ्याच दिवसांत नीट ऐकलेला नाही.

तो म्हणाला, "मला माहीत नाही."

"कसं माहीत नाही?"

"बरं वाटतंय म्हटलं तर आई म्हणते ते औषधामुळे. दुखतंय म्हटलं तर म्हणते औषध वाढवायला हवं. मग मी काही म्हणत नाही."

डॉक्टरांनी विचारलं, "आणि खरं काय?"

"डोकं दुखायचं. बाबा गेला तेव्हा. आता नाही दुखत."

"केव्हापासून नाही?"

"बरेच दिवस झाले."

मी खोलीबाहेर आले. तिथे नाण्यांवर चालणारं कॉफीचं यंत्र होतं. त्याच्यासमोर उभी राहिले. पाठीमागे एक माणूस म्हणाला, "बाई, घेणार आहात की बघणार आहात?" मी त्याला वाट दिली.

त्यांनी इस्पितळाची साधी तपासणी परत केली. कोरी. माझ्याशी अर्धा तास बोलले. पहिल्या त्या दोन तपासण्या बरोबर होत्या असं त्यांचं म्हणणं आहे. ते मला हसले नाहीत. मी विचारलं, मग ते दर वेळी 'हो' का म्हणायचे? ते म्हणाले, "नाही म्हणाले असते तर तुम्ही त्यांना परत रक्त पाठवलं असतं का?"

ताप उतरलाय. नळी उद्या काढायची म्हणतात, पुढचं औषध गोळ्यांनी देतील. माझी सही हवी आहे. कागद माझ्या पर्समध्ये दुपारपासून आहे. रसेलला फोन केला. तो गेल्यापासून मी केला नव्हता. तो म्हणाला, "तुला जे बरोबर वाटेल ते." मी म्हटलं, "रसेल, मला आजवर जे बरोबर वाटलं ते त्याच्या दंडात आहे." तो म्हणाला, येतो.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. पण तो आता मी कुठे ठेवू ते मला कळत नाही, आणि ठेवायला आमिषाचा फ्रीजरही नाही.

वेंडेल झोपलाय. पत्र उद्या टाकते.

शुक्रवार

मी सही केली. नळी सकाळी नऊच्या सुमाराला काढली. काढायला पाच मिनिटंही लागली नाहीत, आणि दंडावर पोस्टाच्या तिकिटाएवढी पट्टी उरली. रसेल होता. दुपारी सोडलं. नळी भिजता कामा नये म्हणून इतके दिवस मी त्याला ओल्या फडक्यानं पुसून काढत होते. नर्स म्हणाली, नवी जलरोधक पट्टी लावली की आता अंघोळ चालेल. घरी आल्या आल्या तो न्हाणीघरात गेला, दार लावून घेतलं, आणि गरम पाणी संपेपर्यंत बाहेर आला नाही.

कोरिना